राखणदाराचे भाषण

सकाळचा उजेड आधी आंब्याच्या कलमांच्या शेंड्यांवर थांबला. मग पायरी चाचपत उतरावे तसा एकेका फांदीवरून खाली आला, बागेभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावरचे सुकलेले शेवाळ त्याने सावकाश उजळवले आणि अवजारे ठेवायच्या मांगराच्या बंद दारापाशी तो टेकला. राजाभाऊ त्या उजेडाकडेच बघत राहिले. दाराकडे बघणे त्यांना टाळायचे होते.

दाराआडून थंड, एकसुरी आवाज आला, "आदरणीय परीक्षक, चूक झाली तरी माणसाला पुढे... पुढे जाता येतं." मग पुन्हा पहिल्यापासून, "आदरणीय परीक्षक..."

आंबे काढायला आलेला बाबल्या मागे सरला. "भाऊ, आत कोन हाय?"

राजाभाऊंनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. भुताचे नाव काढणाऱ्या पोराला ते अंगठे धरायला लावत. आवाज त्यांनी ओळखला होता. विद्यापीठात पहिली येणारी त्यांची मुलगी सावनी मानसशास्त्राचे सादरीकरण पाठ करायला पहाटेच मांगरात जाऊन बसे. पण एका वाक्यात अडखळली की ती पुन्हा आरंभाला जाते, हे गड्यांना सांगायचे कसे?

"या जागेचा राखणदार देव असेल," ते म्हणाले.

एवढे पुरले. गड्यांनी काढणी थांबवली. दोन दिवसांत मांडवी गावातून माणसे नारळ घेऊन आली. कुणी मुलाच्या नोकरीचे विचारले; आतून "पुढे जाता येतं" ऐकून तो समाधानाने परतला. परीक्षक म्हणजे कोण, यावर वाद झाला. बाबल्याच्या मते यमराज. विज्ञानाच्या मास्तरांना स्वतःच्या हाताने नारळ फोडावा लागला. आंबा झाडावरच पिकून गळू लागला. बाहेरचा गलका मात्र आत पोचतच नव्हता.

"अहो, पुरे करा हे," पत्नी सुमेधा हलक्या आवाजात म्हणाली. "दोन दिवस ती बाहेर आली नाही, पोटात अन्न नाही तिच्या."

शेजारी उभ्या, आंबे वेचणाऱ्या चिमाने अर्धवट ऐकून, राखणदार उपाशी आहे एवढेच समजून, केळीच्या पानावर भात आणला आणि दार ठोठावले.

दार उघडले. केस विसकटलेली सावनी उंबऱ्यात आली. माणसांनी हात जोडले; कुणी नारळ पुढे केला. ती सगळ्यांकडे ओशाळून पाहत राहिली.

"बाबा, हे सगळे ऐकायला आलेत? अजून नीट जमत नाहीये. पहिल्यापासून म्हणू?"

"नको गो बाय," चिमा म्हणाली. "जेव आधी."

राजाभाऊंनी दाराकडे पाहिले. सावनीला बरे नव्हते, आणि हे त्यांना मांगरातला आवाज ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते.