सातशे पंधराचं होर्डिंग

शेषेराव सरांच्या क्लासचं वर्षाचं काम मिळालं असतं तर माझ्या दिराचा, रेणुकादासचा, काय फायदा होता ते आधी सांगून टाकते. लातूर आणि नांदेड, दोन्ही शाखांची होर्डिंगं, नोट्सची मुखपृष्ठं, भिंतीवरची कॅलेंडरं, झालंच तर गेटवरची कमान. शिवाय जिल्हा परिषदेची पक्की नोकरी सोडून ग्राफिक्सचं दुकान काढणं हा वेडेपणा नव्हता, हे त्याला थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जेवता जेवता ऐकवता आलं असतं. माझ्या अंदाजाने त्याला हा दुसरा फायदाच जास्त हवा होता.

सरांची अट साधी होती. मेडिकलच्या परीक्षेचा निकाल लागला की ट्युशन एरियात पहिलं होर्डिंग त्यांचं दिसलं पाहिजे, आणि त्यात चूक नको. अट वाजवीच म्हणायची. आदल्या वर्षी आम्ही नांदेडच्या एका मुलाच्या चेहऱ्याखाली निलंग्याच्या मुलीचं नाव छापून चौकात टांगलं होतं. मुलाने फारसं मनावर घेतलं नाही, मुलीच्या मामाने घेतलं.

"वहिनी, यंदा चूक होणारच नाही," रेणुकादास म्हणाला. "सॉफ्टवेअर घेऊन राहिलो आपण. कुठलं काम कुणाकडं अडलं, सगळ्यांना एका जागी दिसणार."

मी दुकानाचे हिशेब बघते. असल्या घोषणेनंतर मी फक्त पेनाचं टोपण काढते.

तोवर आमच्याकडे पद्धत मडिवाळप्पाची होती. मडिवाळप्पा आमचा मुख्य आर्टिस्ट. ब्रशने बोर्ड रंगवता रंगवता कॉम्प्युटरवर आलेला, आणि अजूनही माउस ब्रशसारखा तिरका धरणारा. आलेली कामं तो शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचा. दोष एवढाच, की दुकान उघडलं की कामं वर गुंडाळली जायची आणि बंद केलं की वाचता यायची.

सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्या भाचीकडे आलं. मृण्मयी पुण्याला डिझाइन शिकून आलेली, त्यामुळे घरातला बिघडलेला गीझरसुद्धा तिलाच दाखवायची पद्धत पडली आहे. तिने फुकट वापरून बघायला एक आणलं. त्यात उशीर झालेलं काम लाल व्हायचं. दुसऱ्या दिवशी सगळा पडदा लालभडक झाला आणि रेणुकादासने बीपीची गोळी शोधली. मग दुसरं आणलं. त्यात प्रत्येक आर्टिस्टने कुठल्या कामाला किती वेळ दिला ते भरायचं होतं.

"मृण्मयीताई," मडिवाळप्पा म्हणाला, "म्या सकाळधरनं इचार करून राहिलो. ते कुठं भरू?"

"विचार कशाचा केला, ते लिहा ना."

त्याने तीन दिवस 'विचार' एवढंच भरलं. रेणुकादासने ते सॉफ्टवेअर रागाने बंद केलं. मडिवाळप्पाने मात्र बंद होणाऱ्या पडद्याला नमस्कार केला.

तिसऱ्यात चित्रं मोठी दिसायची, आणि गिऱ्हाइकाला पाहुणा म्हणून आत घेऊन काम दाखवता यायचं. "पाहुण्याचे वेगळे पैसे नाहीत," मृण्मयी म्हणाली. संपलं. पाहुणा फुकट आहे म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस हात आखडतो होय? रेणुकादासने दिसेल त्याला आत घेतलं. सर आले, त्यांचे मॅनेजर आले, आणि फोटो पाठवता यावेत म्हणून हुशार मुलांचे पालकही आले.

आता, निकाल लागायच्या आधी हुशार मुलं कुठून आली, असं बाहेरगावचा माणूस विचारेल. लातुरात ती आधीच ठरलेली असतात. सर परीक्षा झाली की नावं देतात, आम्ही डिझाइन तयार ठेवतो, आणि निकालाच्या दिवशी फक्त मार्क टाकायचे राहतात. यादीत पहिली होती अहमदपूरची साक्षी. तिच्या वडिलांनी, बजरंगरावांनी, आधी पाठवलेला फोटो इतका बारीक होता, की मोठा केल्यावर पोरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. म्हणून मृण्मयीने त्यांना लिंक पाठवली. बजरंगरावांची मार्केट यार्डात अडत आहे. त्यांनी फोटो टाकला, आणि आत आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून सगळीकडे फिरले.

त्यांना आपल्या मुलीचं तयार होर्डिंग दिसलं. त्यावर मार्क होते, सातशे वीसपैकी सातशे पंधरा.

ते मडिवाळप्पाने टाकले होते. भूकंपानंतर नवी गावं वसली तेव्हा तरुणपणी त्याने घरांवर नंबर टाकायचं काम केलं होतं. नंबर नसलेलं घर सायबाला दिसत न्हाई, ही त्याची त्या वेळची शिकवण. तेव्हापासून आकड्याची जागा तो रिकामी ठेवत नाही, जागेचं माप कळावं म्हणून काहीतरी टाकतोच. आणि टाकायचेच, तर कमी कशाला टाका.

दुसरा कुठला बाप असता तर त्याने विचारलं असतं, की निकाल लागला कधी? पण मोठ्या क्लासच्या सरांना निकाल दिल्लीच्याही आधी कळतो, यावर आमच्या दोन्ही जिल्ह्यांत एकमत आहे. बजरंगरावांनी अख्ख्या यार्डात पेढे वाटले.

दुपारी आमच्याकडे अहमदपूरहून फोन सुरू झाले. 'कु. साक्षीचे हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुकांचे फोटो, साक्षीपेक्षा मोठे. अडत्यांचं एक बॅनर, हमालांचं एक, येत्या निवडणुकीला उभे राहणाऱ्यांची तर स्वतंत्र.

"निकाल लागला वाटतं," रेणुकादास उभाच राहिला. "मृण्मयी, बघ गं."

मृण्मयीने पाहिलं. "काका, साइट उघडत नाहीये."

"मग लागलाच की. निकालाच्या दिवशी कधी उघडलीय?"

एवढा पुरावा पुरला. होर्डिंग लावणारा भुजंग दोर आणि शिडी घेऊन निघाला, आणि ट्युशन एरियात पहिलं होर्डिंग खरोखर सरांचं लागलं. सर स्कूटरवरून येत होते. आपलं होर्डिंग पाहून त्यांनी तिथूनच फोन केला.

"रेणुकादासराव, आम्हालाही कळायच्या आत? मार्क कुठनं मिळाले?"

"सर, सगळं सॉफ्टवेअरवर आहे," रेणुकादास म्हणाला. आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं.

सरांनी होर्डिंगचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत बजरंगरावांकडे गेला. त्यांना जी काही थोडी शंका असेल ती फिटली, आणि त्यांनी पेढ्यांचा दुसरा घाणा सांगितला. आमच्याकडून निघालेली बातमी अहमदपूरला जाऊन, तिथून आमच्याकडे येऊन, सरांकडून पुन्हा अहमदपूरला पोचली होती. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने ती पक्की करून पुढे दिली.

संध्याकाळी एक फोन मी उचलला. मुलीचा आवाज होता, अगदी शांत.

"काकू, मी साक्षी. माझा निकाल तुम्हाला कुठं दिसला? मला दिसंना झालाय."

मी मडिवाळप्पाकडे बघितलं. "हे सातशे पंधरा कुठले?"

"मापाचे हाईत," तो म्हणाला. "म्या आकडा टाकतो, मग मालक सांगतील तो बदलतो. न्हेमी तसंच करतो की."

रेणुकादास खुर्चीत बसला. मग त्याने सरांना फोन लावून सगळं सांगितलं, वर्षाच्या कामावर पाणी सोडल्याच्या आवाजात. "सर, भुजंगला आत्ता पाठवतो, उतरवतो."

 सरांच्या मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

"उतरवू नका," सर म्हणाले. "खाली प्रवेशाला रांग लागली आहे. आता काढलं तर खोटं दिसेल. पोरगी हुशार आहे, पडतील तेवढे."

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. साक्षीला सहाशे चाळीस पडले. कुठलं तरी सरकारी मेडिकल कॉलेज मिळेल एवढे. त्यांच्या घरात आजवर कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाकी कुठल्याही आठवड्यात या मार्कांवर बजरंगरावांनी यार्डात पेढे वाटले असते. पण पेढे वाटून झाले होते.

होर्डिंग उतरवलं त्या दिवशी बापलेक दुकानात आले. बजरंगराव फ्लेक्स मागत होते.

"पाऊस तोंडावर आलाय. कडब्यावर टाकायला होईल."

मी विचारलं, "साक्षीला चांगले पडले की हो?"

"चांगलेच म्हणायचे," बजरंगराव म्हणाले. "पंच्याहत्तर मार्क गेले बघा. कुठं गेले, कळंना."

साक्षी होर्डिंगची घडी घालत होती. फ्लेक्स जाड होतं, मुडपत नव्हतं. मडिवाळप्पा उठून दुसरं टोक धरायला गेला.

"बजरंगराव," तो म्हणाला, "ते पंच्याहत्तर पोरीचे नव्हते. माझे होते."

बजरंगरावांनी त्याच्याकडे बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं, आणि म्हणाले, "तरी पण."

आता कुणाचं काय झालं ते मांडते, तेवढंच मला येतं. सरांच्या दोन्ही शाखांच्या बॅच भरल्या. पहिलं होर्डिंग सरांचंच लागल्याने रेणुकादासला वर्षाचं काम मिळालं, आणि त्याने ते माझ्या नवऱ्याला जेवताना दोनदा ऐकवलं. शुभेच्छुकांचे चेहरे अहमदपूरभर झाले. सॉफ्टवेअरवाल्यांना पहिला हप्ता गेला. कडबा कोरडा राहिला.

या सगळ्याचं बिल भरलं ते साक्षीने. पंच्याहत्तर मार्क, आणि तेही तिला कधी न मिळालेले.