सरकारला पाजलेलं पाणी

पाणी चांगलं की वाईट, हे पिणाऱ्याला कळत नसतं. ते अहवालाला कळतं. म्हणूनच सरकारनं पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडला मर्यादा घालून दिली आहे: लिटरमागे एक मिलिग्रॅम. पाण्याची दुसरी सोयच नसेल, तर दीड. (ज्याला दुसरं पाणी मिळत नाही, त्याचं हाड अर्ध्या मिलिग्रॅमनं जास्त टणक असतं, असा यामागं विचार असावा. एवढी काळजी सख्खा मामासुद्धा करत नाही.)

अहमदपूर तालुक्यातल्या निंबोणवाडीत बसवंत हा जलसुरक्षक. पद मोठं, काम एकच: गावच्या हापशाचं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवायचं. यंदा त्याला घाई होती. नमुना नापास झाला, की गावाला फ्लोराइड काढायचं यंत्र मिळणार होतं. त्याच्या थोरल्या तनुजाच्या दातांवर याच पाण्यानं तपकिरी पट्टे उठले होते. पोरगी तोंडावर हात ठेवून हसायची. धाकटी अक्षरा तीन वर्षांची, तिचे पक्के दात अजून यायचे होते. यंत्र त्या दातांच्या आधी यावं, एवढंच बसवंतचं म्हणणं.

आता निंबोणवाडीची एक रीत आहे, आणि ती कौतुकाचीच आहे. पाहुण्याला हापशाचं पाणी देत नाहीत. त्याच्यासाठी घरोघरी विकतचा जार असतो; घरचे त्याला हात लावत नाहीत. बसवंत भरलेली बाटली घेऊन सहीला सरपंच मल्लम्माकाकूंकडे गेला. काकूंनी बाटली उजेडात धरली.

"हापशाचं? सरकारला?"

"काकू, तपासायला चाललंय ते."

"मग तर लई चांगलं द्याया पाहिजे. गावाची काही इज्जत हाय का न्हाई?"

असं म्हणून त्यांनी बाटली कढीपत्त्याच्या बुडाला ओतली आणि जारमधून भरून दिली. वर चहा पाजला. ज्यांनी आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? बसवंतनं बाटलीवर 'हापसा' अशी चिठ्ठी लावली आणि ती तपासायला पाठवून दिली. पुढं याचा त्याला लई राग आला, स्वतःचाच.

अहवाल आला: फ्लोराइड ०.२. गावाला शुद्ध पाण्याचं हिरवं कार्ड मिळालं, काकूंचा सत्कार झाला, आणि यंत्र 'गरज नसल्याने' दुसऱ्या गावाला गेलं. बसवंतनं खरं काय ते अर्ज लिहून कळवलं. उत्तर मुद्देसूद होतं. बाटलीवर 'हापसा' असे नमूद असल्याने आतील पाणी हापशाचेच आहे. ते शुद्ध असल्याने मुलीचे दात पाण्यामुळे खराब झालेले नाहीत. दातांच्या रंगाची कमाल मर्यादा अद्याप ठरलेली नसल्याने सदर दात मर्यादेतच समजावेत. (मुलीला तसे कळवावे, अशीही सूचना होती.)

शेवटी बसवंतनं हापशाच्या पाण्यानं बाटली भरली आणि लातूरच्या साहेबांना समक्ष दाखवायला एसटीत बसला. घरची सगळी रानात होती, म्हणून अक्षराला मांडीवर घेतलं. शेजारी एक भला गृहस्थ होता, चार पुस्तकं वाचलेला. त्यानं सगळी हकीकत ऐकली, मनापासून हळहळला, यंत्रणेला यथेच्छ नावं ठेवली.

चाकूरच्या पुढं गाडी बंद पडली. ऊन मी म्हणत होतं. तासाभरानं अक्षरा 'पाणी, पाणी' करून रडाया लागली. बसवंतजवळ एकच बाटली होती. गृहस्थाच्या मांडीवर दुसरी होती, विकतच्या पाण्याची, अर्धी भरलेली. बसवंतनं त्या बाटलीकडं पाहिलं. गृहस्थानं खिडकीबाहेर पाहिलं.

बसवंतनं झाकण उघडलं, आणि पोरीनं सगळा नमुना घटाघटा पिऊन टाकला.

गृहस्थ चुकचुकला. "काय दिवस आलेत बघा," म्हणाला. आत्ता तुम्ही मनात म्हणालात ना, अगदी तसंच.