आमाची खिडकी

मंगसिर महिन्यातल्या एका सकाळी पोखऱ्याच्या ज्ञानमान पालिखेने शकुनाच्या ताटातला तळलेला मासा उचलला आणि खायचं सोडून विमानासारखा ताटावरून उडवायला सुरुवात केली.

"माशाचं तोंड काठमांडूकडे," तो बायकोला म्हणाला. "आता हिमालय कुठल्या बाजूला आला?"

"निघताना शकुन तोंडात घालायचा असतो," रत्नकेशरी म्हणाली. "खेळायचा नसतो."

पण ज्ञानमानच्या जिवाला घोर लागला होता. आमाचं, म्हणजे त्याच्या आईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काठमांडूला लेकीकडे विमानाने जायचं ठरल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "मला खिडकी हवी हं." जन्मात कधी काही न मागितलेल्या बाईने मागून मागितली ती खिडकी. आमाला बर्फाची शिखरं दाखवायचीच, असं ज्ञानमानने मनाशी पक्कं केलं आणि चार जणांना विचारायला गेला. घोटाळा तिथेच झाला.

काठमांडूचे दाजी, बहिणीचे यजमान, फोनवर म्हणाले, "उजवीकडे बसा. मी आयुष्यभर उजवीकडेच बसत आलोय."

समोरचा भांडीवाला म्हणाला, "डावीकडे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

दोघेही खोटं बोलणारे नव्हते, त्यामुळे ज्ञानमानची झोप उडाली. मासा ताटावरून चार फेऱ्या मारून आला, तेव्हा रत्नकेशरीच्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, दाजी तिकडून इकडे येतात. आपण इकडून तिकडे जाणार. बाजू उलटीच होणार ना?"

डावी बाजू ठरली. दाजींची चूक त्यांना तातडीने कळवणं ज्ञानमानला गरजेचं वाटलं. "मग मला विचारलंस कशाला?" म्हणून दाजींनी फोन ठेवला.

त्या छोट्या विमानात जागांना नंबर नव्हते. आधी चढेल त्याची खिडकी. आणि डावी बाजू सगळ्या पोखऱ्याला ठाऊक होती. आमाला पिशवीसकट मागे सोडून ज्ञानमान पळत सुटला. डावीकडच्या शेवटच्या खिडकीवर एक उंच गोरा पाहुणा टेकणार, तेवढ्यात याने आपली टोपी तिथे टाकली आणि हातवारे करकरून त्याला पलीकडे पिटाळलं. आमा सावकाश आली. तिला दंडाला धरून त्याने खिडकीशी बसवलं आणि घाम पुसला.

विमान वर चढलं. आभाळ स्वच्छ होतं.

"दिसतंय का, आमा?"

"दिसतंय की. माछापुच्छ्रेचा डोंगर."

"कसा वाटतो?"

"गच्चीवर मिरच्या वाळत घालताना दिसतो, तसाच." मग आमा म्हणाली, "बंदीपूर कधी येणार रे?"

बंदीपूर म्हणजे आमाचं माहेर. भाऊ वारल्यापासून तिहारच्या भाऊबीजेला टिका लावायला तिकडे जाणं थांबलं होतं.

"वरून घराचं छप्पर तरी दिसेल," आमा म्हणाली. "म्हणून तर खिडकी मागितली."

ज्ञानमानच्या डोळ्यांसमोर पुन्हा तो मासा आला. तोंड काठमांडूकडे, शिखरं डावीकडे, म्हणजे बंदीपूर... तो उठला आणि पलीकडे जाऊन त्याच उंच पाहुण्यापुढे हात जोडून उभा राहिला. हा माणूस आधी हाकलतो काय आणि आता बोलावतो काय, हे त्या बिचाऱ्याला कळेना. पण ती डावीकडची खिडकी आपल्यालाच मिळतेय हे कळताच तो उडी मारून उठला.

आमाने उजव्या खिडकीच्या काचेला नाक लावलं. बऱ्याच वेळाने तिचं बोट काचेवर थांबलं.

"ते बघ. देवळामागचं. पत्रा घातलाय मेल्यांनी," ती म्हणाली आणि पदराने नवे डोळे पुसले. ज्ञानमानला तिथे नुसते ठिपके दिसत होते. तो म्हणाला, "हो, चांगला पत्रा आहे."

काठमांडूला दाजी घ्यायला आले होते, तोंड फुगवून.

"काय मग? कुठल्या बाजूने दिसलं?"

ज्ञानमानने एकदा आमाकडे बघितलं, एकदा बुटांकडे.

"उजवीकडून," तो म्हणाला.

दाजींनी आमाची पिशवी स्वतः उचलली.