वरच्या मजल्यावरचा ओटा

वर स्वतःचा ओटा बांधायचा, असं मी ठरवलं ते सासूबाईंमुळे. (नवऱ्यामुळे नाही. प्रणितमुळे आजवर काही घडलेलं नाही.) कामोठ्यातल्या आमच्या रो-हाउसच्या स्वयंपाकघरात मी सुरी उचलली की मागून आवाज येई, "विनिता, कांदा कापतेस का त्याचा सूड घेतेस?"

म्हणून आम्ही पहिला मजला चढवला तेव्हा बेडरूमच्या आतल्या खोलीत मी ग्रॅनाइटचा ओटा घातला. सिंक, एक्झॉस्ट फॅन, सगळं. तिथली पहिली कॉफी मी उभ्यानेच प्यायले, बसून वेळ घालवायचा नव्हता.

आठवड्याने मजल्याच्या दाखल्यासाठी पालिकेचे साहेब तपासणीला येणार असल्याचं पत्र आलं. सोबतच्या अटी मी मोठ्याने वाचल्या. (घरात वाचता येणारी मी एकटीच, असा माझा समज.) "हे घर एका कुटुंबासाठी. एक कुटुंब म्हणजे एक स्वयंपाकघर. दुसरं सापडलं तर तोडणार."

"ह्ये कागदात लिवायला लागतं?" सासूबाई म्हणाल्या. "दुसरी चूल म्हंजी दुसरं घर. आमाला काय शाळेत नाय शिकवलं."

"आई, कायद्यातलं तुम्हाला कळत नाही. उद्या तुम्ही खालीच थांबा. मी हँडल करते."

दुसऱ्या दिवशी मी इंडक्शन पलंगाखाली सारलं, ओट्यावर चादर टाकली, वर लॅपटॉप ठेवला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"स्टडी टेबल."

"स्टडी टेबलला सिंक?"

"मी वॉटरकलर करते."

"आणि एक्झॉस्ट?"

"रंग वाळायला," मी म्हणाले. (मी एम.ए. आहे. फर्स्ट क्लास.) साहेबांनी पेन काढलं. प्रणित खिडकीतून बाहेर रिक्षा बघत होता.

"आवो सायेब, चपला!"

सासूबाई दारात. हातात ताट, ताटात खालचे सगळे देव. साहेबांनी घाबरून चपला काढल्या. सासूबाईंनी लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि देव ओट्यावर मांडले.

"देवघर हाय. सून शिकलेली, तिला देवाची लाज वाटते, म्हणून टेबल सांगते."

"मग सिंक?"

"देवांना आंघोळ नको?"

"फॅन?"

"धुपानं मला खोकला येतो."

साहेबांनी हात जोडले आणि नकाशावर 'देवघर' लिहिलं. ओटा वाचला. संध्याकाळी मी कॉफीचं भांडं घेऊन आत गेले.

"आई, देव खाली नेऊया ना आता?"

"बसवलेले देव उठवायचे? आनि सायबांनी लिवलंय की. कायद्यातलं तुला कळतं ना?"

आता रोज पहाटे साडेपाचला सासूबाई आमच्या बेडरूममधून पूजेला जातात. दार वाजवत नाहीत. पहिल्या दिवशी मी दचकून उठले, तेव्हा किती मायेने म्हणाल्या, "झोप गो तू. फक्त पाय तेवढे देवाकडं करू नको."

तेव्हापासून मी पलंगावर उलटी झोपते. तोंडासमोर प्रणितचे पाय असतात.