नंबरप्लेट बदलली आणि सासूबाई हरवल्या

गाडीची नंबरप्लेट बदलायची असं मी ठरवलं ते कायद्याच्या प्रेमापोटी नव्हे, साहेबांच्या धाकापोटी. मी वाहन नोंदणी कचेरीत कारकून आहे. एका भागातली गाडी कायमची दुसऱ्या भागात आणली की तिला नव्या भागाचा नंबर घ्यावा लागतो, हे मी दिवसभर खिडकीतून लोकांना बजावत असतो. (ओरडून बजावतो. काच जाड आहे.) माझी स्वतःची गाडी मात्र बदली होऊन इथं आल्यापासून डोंगराकडचाच नंबर मिरवत होती. परवा साहेब तिच्यासमोर थबकले, प्लेट वाचली आणि म्हणाले, "कुणाकडे पाहुणे आलेत?"

काल संध्याकाळी नवी प्लेट लागली.

आता यातली गोम सांगतो. प्लेटवरची पहिली अक्षरं गाडी कुठल्या भागातली ते सांगतात, त्यापुढचा आकडा कुठल्या कचेरीतली ते, आणि शेवटचा नंबर तिचा एकटीचा. मला सगळ्या भागांची अक्षरं आणि सगळ्या कचेऱ्यांचे आकडे तोंडपाठ आहेत. त्याचा परिणाम असा झालाय की मला हल्ली गाड्या दिसतच नाहीत, फक्त प्लेटा दिसतात. रस्त्यात बायको म्हणते, "अय्या, काय सुंदर लाल गाडी!" मी म्हणतो, "खाडीकडची आहे." माझी गाडी पांढरी आहे, हेसुद्धा मला ऐकूनच माहीत आहे. मी तिला ओळखतो ते तिच्या अक्षरांवरून.

आज सकाळी सासूबाईंना डोळे तपासायला न्यायचं होतं. निघताना बायकोनं बजावलं, "डोळ्यांत थेंब घातल्यावर आईला धड दिसणार नाही. तिला एकटीला सोडू नका."

"मी काय लहान आहे?" मी म्हटलं.

डॉक्टरांनी थेंब घातले, काळा चष्मा दिला आणि औषध लिहून दिलं. मी सासूबाईंना हाताला धरून गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून किल्ली तशीच ठेवून एसी चालू केला आणि समोरच्या दुकानातून औषध घेऊन आलो. येतो तो काय, गाडी नाही!

पार्किंगमध्ये ओळीनं पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. मी एकेका प्लेटसमोर वाकून पाहिलं. इथली, इथली, खाडीकडची, पुन्हा इथली. डोंगराकडची एकही नाही. किल्ली आत, सासूबाई आत, आणि चोर दोघांना घेऊन पसार! गाडीचं काय, दुसरी घेता येते. बायकोला तिची आई दुसरी कुठून आणून देऊ?

फाटकाशेजारच्या गाड्यांपाशी मी वॉचमनला गाठलं आणि नंबर सांगितला. ही गाडी बाहेर जाताना पाहिलीस का, असं विचारलं. त्यानं डोकं खाजवलं. "साहेब, डोंगराकडची गाडी आज आतच आलेली नाही. मी सकाळपासून फाटकावर आहे."

म्हणजे चोरानं गाडी आल्याचा मागमूससुद्धा ठेवला नव्हता! केवढी ही टोळी! मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, कुठं आहात?"

"गाडीत."

"गाडी कुठं आहे?"

"तुम्हाला ठाऊक. तुम्हीच उभी केलीत."

"चालू आहे का?"

"गार वारा येतोय, म्हणजे चालूच असणार."

माझी बोबडी वळली. "च-चालवतंय कोण?"

"शेजारी तर कुणी दिसत नाही. तसं मला सगळं धूसरच दिसतंय म्हणा." मग त्यांनी आवाज बारीक केला. "पण बाहेर एक माणूस मघापासून घुटमळतोय. जाडगेलासा आहे. गाड्यांपुढं वाकून वाकून बघतोय. लक्षण काही ठीक दिसत नाही हो."

"आई, दारं आतून लावा! कुणी काहीही सांगू दे, उघडू नका!"

माझ्या पाठीमागं खट्ट असा आवाज झाला. तिकडं बघायला मला सवड नव्हती.

"आता हॉर्न वाजवा! जोरात!"

माझ्या कमरेशीच हॉर्न असा कोकलला की मी उडालो तो थेट वॉचमनच्या अंगावर. वळून पाहिलं. पांढरी गाडी. आत काळ्या चष्म्यातल्या सासूबाई, स्टिअरिंगवर तळवा दाबून धरलेल्या. पुढं कोरी करकरीत प्लेट, इथली अक्षरं, इथला आकडा. आणि मग मला कालची संध्याकाळ आठवली.

काय सांगू, इतकं हायसं वाटलं की मी त्या प्लेटवरून हात फिरवला. जीव भांड्यात पडला. सासूबाई जागच्या जागी, धडधाकट! मी काचेवर टकटक केलं. "आई, उघडा!"

"मुळीच नाही," आतून उत्तर आलं. "जावयांनी बजावलंय, कुणालाही उघडायचं नाही."

"अहो, मीच जावई!"

"चोर असंच म्हणणार."

"माझा आवाज ओळखा ना!"

"काचेतून सगळ्यांचे आवाज सारखेच." (हे मात्र मला पटलं.) "जावई असाल तर सांगा, माझ्या मुलीचा वाढदिवस कधी असतो?"

वॉचमन कौतुकानं माझ्याकडे पाहू लागला. मला घाम फुटला. "आई, कुठल्याही भागाची अक्षरं विचारा ना! कुठल्याही कचेरीचा आकडा विचारा!"

"वाढदिवस."

"ऑगस्ट... म्हणजे ऑगस्ट संपता संपता... का सप्टेंबर लागता लागता?"

आत खट्ट झालं आणि दार उघडलं.

"या, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "चोर असता तर निदान एखादी तारीख ठोकून दिली असती."

घरी पोचल्यावर त्यांनी मुलीला सगळं साग्रसंगीत सांगितलं. मला वाटलं, आता हरवलेल्या गाडीवरून माझी खरडपट्टी निघणार. पण गाडीबद्दल बायकोनं अवाक्षर काढलं नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"अहो, माझा वाढदिवस काल होता."