हॅलो, चेक! साहेब, बोला

पोलिस दिसला की चारचौघं गल्ली बदलतात. आमचे शेजारी नजीरभाई मात्र टेपरेकॉर्डर काढायचे. अकोल्यात लग्नाकार्यात भोंगे लावायचा त्यांचा धंदा, त्यामुळे यंत्र कायम खांद्याला. हवालदाराने कुणाची हातगाडी अडवली की हे मध्ये घुसून माइक थेट त्याच्या मिशीखाली धरायचे. "हॅलो, चेक, चेक. हं, आता बोला साहेब. आधी नाव सांगा."

आणि काय सांगू तुम्हाला, समोरचा माणूसच बदलायचा! आपल्याकडे माइक तोंडापुढे आला की कुणालाही भाषण सुचतं. आत्ता आईमाईवरून शिव्या घालणारा हवालदार टोपी नीट करून म्हणायचा, "नमस्कार. सदर इसमाने गाडी रस्त्यात लावली होती." नजीरभाई म्हणायचे, "मी भांडत नाही. आवाज जमा करतो." बाप्पा! एवढासा किडकिडीत जीव, याला भीती कशी ती ठाऊकच नव्हती. मी तर थक्क होऊन बघत राहायची.

कापसाच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले होते, तेव्हाची गोष्ट. माझा धाकटा भाऊ दिलीप पोलिसभरतीची तयारी करत होता. भरतीची पोरं पळायला हायवेवरच जातात, दुसरं मैदान आहे कुठे? त्या सकाळी पुढे रास्ता रोको चाललेला, लाठ्या सुरू झालेल्या. त्यात याला धरला. का? तर म्हणे पळत होता! दुसऱ्याच दिवशी भरतीची चाचणी, आणि नावावर गुन्हा चढला की नोकरी गेलीच. आईने रडून घर डोक्यावर घेतलं. मी चपला शोधेपर्यंत नजीरभाई यंत्र घेऊन ऑटोत बसलेले.

ठाण्यात इन्स्पेक्टर ओरडले, "बंद करा ते!"

"करतो न साहेब. पण बंद करा म्हटलं तुमी, ते आलं त्यात."

मग माइक दिलीपला धरणाऱ्या शिपायाकडे वळला. "चेक, चेक. पोरगा काय करून राहिला होता?"

"पळून राहिला होता."

"कोणीकडे?"

शिपाई माइकपुढे ताठ झाला. "आमच्याकडे."

"म्हंजे लाठीकडे पळत आला? काहून?"

इन्स्पेक्टरांनी दिलीपचे पळायचे बूट पाहिले आणि त्यांना हसूच फुटलं. "जा घरी. उद्या असाच पळ." वर नजीरभाईंना म्हणतात कसे, "लावा बघू, माझा आवाज कसा येतो."

टेप लागली. सगळं स्वच्छ आलं होतं. शेवटी खट्ट झालं आणि एकदम बाईचा आवाज आला, "अजी, क्या बोलूं मैं इसमें? चाय ठंडी हो रई. बंद करो ना."

शमीमभाभी! नजीरभाईंची बायको. आदल्या उन्हाळ्यातच गेल्या होत्या. नजीरभाईंनी घाईने बटण दाबलं.

ऑटोत मी विचारलं, "भाई, दुसरी कॅसेट नव्हती?"

"गठ्ठा पडला आहे न घरी. पण ही मशीनमंदीच असते. रोज चहाच्या वक्ताले लावतो. सकाळी तुझी माय रडून राहिली होती, कॅसेट बदलाचं भानच नाही राहिलं."

ठाण्यातलं सगळं बोलणं भाभींच्या आवाजावर चढलं होतं.

"किती गेलं?"

"आधीचं सारं. हसली होती त्यात. चहाचं तेवढं वाचलं."

मला रडूच कोसळलं. आणि तो माणूस उलट मलाच समजावत होता, "रडून काहून राहिली बेटा? पोरगा सुटला न."