मेश्राम सरांची फेरतपासणी

ज्या सिनेमाला एके काळी उभा महाराष्ट्र रुमाल घेऊन जात असे, त्या सिनेमाला आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मेश्राम सरांनी एका रविवारी शंभरापैकी पस्तीस मार्क दिले. नुसते दिले असते तर एक वेळ चाललं असतं. खाली पार्किंगमध्ये आईने सहज "आज काय पाहिलंत?" असं विचारलं आणि सरांनी ते तिच्या तोंडावर जाहीर केले. आईने तो सिनेमा लग्नाआधी चार वेळा पाहिला होता आणि चारही वेळा ती रडली होती.

"पस्तीस?" आई म्हणाली.

"त्यातले तीन ग्रेसचे आहेत, वहिनी."

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरून त्यांच्याकडे एकही वाटी गेली नाही.

सर मूळचे नागपूरचे. नोकरीनिमित्त पुण्यात आले आणि एकतीस वर्षं एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं ते दहावीच्या पेपरांचे मॉडरेटर होते, म्हणजे दुसऱ्या मास्तरांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासायचे. निवृत्तीनंतर गठ्ठे यायचे बंद झाले आणि सरांचे हात शिवशिवायला लागले. लहानपणापासून पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाला मार्क देऊन वहीत लिहून ठेवायची त्यांना सवय होती. अशा सात वह्या माळ्यावर होत्या. सरांनी त्या खाली काढल्या, व्हीसीडी प्लेअर आणला आणि स्वतःच्याच जुन्या मार्कांची फेरतपासणी सुरू केली.

"तेव्हा आवडला होता, हे काही उत्तर नाही," सर म्हणत. "तेव्हा मला शाळेच्या फाटकावरची भजीही आवडत होती. आज टिकतो का, ते बोला."

याच सुमारास आम्ही नारायण पेठेतली जागा सोडून वारज्याला राहायला आलो. मला नुकतीच हिंजवडीत टेस्टरची नोकरी लागली होती. तुझं काम काय, असं सरांनी विचारलं. मी सांगितलं की काल चालत होतं ते आजही चालतंय का, ते पुन्हापुन्हा बघायचं आणि चालत नसेल तर ज्याने केलं त्याला कळवायचं. सरांनी माझा हात हातात घेतला. आपण काय करतो हे मी आत्याला, मामाला आणि खुद्द आईला सांगून दमलो होतो. पहिल्या झटक्यात ज्यांना कळलं असे सर हे पहिलेच.

"म्हणजे तूपण मॉडरेटर," ते म्हणाले. त्या रविवारपासून मी दुसरा परीक्षक झालो.

फेरतपासणी रविवारी सकाळी दहाला. दारावर पाटी लागे : 'फेरतपासणी चालू आहे. बेल वाजवू नये. इस्त्रीवाल्यानेही.' पुण्यात इतकी वर्षं काढून सरांनी उचललेली पुणेरी गोष्ट ही एवढीच. एरवी ते अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण उत्साह चढला की नागपूर वर येई. 'काय करून राहिला बाप्पा हा' हे वाक्य आलं की समजायचं, सिनेमा पास होतोय.

कथेला चाळीस, अभिनयाला वीस, गाण्यांना वीस, शेवटाला दहा आणि नीटनेटकेपणाला दहा. या शेवटच्या दहावरून घरात वाद होत. दहा गुंडांना लोळवल्यावरही हिरोच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही, म्हणून सर मार्क कापत. मेश्राम काकूंचं म्हणणं, त्याचेच तर द्यायचे असतात. "हे बघायला आले तेव्हा यांनी मला पण बासष्टच दिले होते," काकू मला सांगत. "मग मी चिवडा आणला, तेव्हा सत्तर झाले."

सरांच्या तपासणीत पायरीला मार्क असत. शेवट साफ चुकला, पण मधल्या पायऱ्या बरोबर, असे कितीतरी सिनेमे त्यांच्या हातून सुटले. उलट एका गाजलेल्या कोर्टाच्या सिनेमात खुनी बरोबर सापडतो, पण कसा ते कोणालाच कळत नाही. "कॉपी," सर म्हणाले आणि शून्य दिलं.

मजा यायची हो. माझ्या ऑफिसात सगळे नवनव्या गोष्टींच्या मागे धावत होते, दर सहा महिन्यांनी कोणीतरी अमेरिकेला जात होतं, गावातली जुनी थिएटरं पडून तिथे मॉल उभे राहत होते. आणि मी शनिवारी रात्रीपासून वाट बघायचो ती चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा सिनेमा पास होतो की नापास याची. एकदा भर मीटिंगमध्ये सरांचा फोन आला. काहीतरी झालं असणार म्हणून मी बाहेर पळालो.

"एक्केचाळीसचे एकोणऐंशी झाले," सर म्हणाले. "घर सोडून जाणाऱ्या मुलीचा तो सिनेमा. माझा जुना शेरा काय, माहीत आहे? 'बाप फार बोलतो.' बावीस वर्षांचा होतो मी. आज काय लिहिलं सांगू? 'बाप पुरेसं बोलत नाही.'" सरांची मुलगी तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेला गेली होती. मी मीटिंगमध्ये परत गेलो, पण तिथे काय ठरलं ते मला आजही माहीत नाही.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र एकच नोंद होती. पेन्सिलीने काढलेलं टपोरं अक्षर, सिनेमाचं नाव आणि पुढे '१०० पैकी १००'. रकाने नाहीत, शेरा नाही. शंभर मार्क सातही वह्यांत दुसऱ्या कोणालाच नव्हते आणि नेमकी याचीच फेरतपासणी झाली नव्हती. न तपासलेली गोष्ट दिसली की माझा जीव वरखाली होतो. मी विचारलंच.

सरांनी ते पान तळहाताने सपाट केलं. "पाचवीत होतो मी. बाबा गिरणीत होते. त्यांनी मला आयुष्यात एकच सिनेमा दाखवला, तो हा. आत गेलो तर आमच्या दोनपैकी एका खुर्चीपुढे हा एवढा खांब. बाबा त्या खुर्चीवर बसले अन् मला बाजूला बसवलं. त्यांना पडद्याचा कोपरा तेवढा दिसत होता. मग मी त्यांच्या कानात सांगत गेलो, काय होऊन राहिलं ते. पूर्ण सिनेमा. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, 'मले सारा दिसला.'"

मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "अन् वाघ! हिरो झाडाखाली झोपून राहिला अन् वाघ काय उडी मारतो बाप्पा. नंतर इतके सिनेमे पाहिले, तशी उडी नाही. बाबा तर शेवटपर्यंत त्याला वाघाचा सिनेमाच म्हणायचे."

"मग लावू या की, सर."

"अन् पस्तीस निघाले तर?" सर म्हणाले. "निघाले तर लिहावे लागतील. वहिनींच्या सिनेमाला सोडलं नाही, याला कसा सोडू? अन् बाबांनी दाखवलेला हा एकच आहे रे."

इथे शहाण्या माणसाने विषय सोडला असता. मी दोन महिने हिंडलो आणि नारायण पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानातून त्या सिनेमाच्या सीड्या पैदा केल्या. पाकीट घेऊन मी जवळजवळ उड्या मारतच सरांकडे गेलो. सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं, 'बरं' म्हणाले आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिलं. पुढचे कितीतरी रविवार दुसरेच सिनेमे लागले. "रोज फडक्याने पुसतात ते पाकीट," काकूंनी मला हळूच सांगितलं. "लावत काऊन नाही, विचारलं तर वर्तमानपत्र वाचतात."

बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी नऊ वाजताच आमची बेल वाजली. दारात सर, आंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. "चल," ते म्हणाले. "मॉडरेटरला स्वतःचा पेपर टाळता येत नाही."

सिनेमा लागला आणि दहा मिनिटांत मीच मनातल्या मनात मार्क कापायला लागलो. जंगल म्हणून चार कुंड्या होत्या. राजपुत्र कोळ्याच्या घरी वाढलेला, पण त्याच्या केसांचा कोंबडा शेवटपर्यंत हलला नाही. तलवारी वाकत होत्या. मी चोरून सरांकडे पाहिलं. कुंड्यांचे त्यांनी कापले, कोंबड्याचे कापले, पण चेहरा उजळलेलाच. "थांब," ते म्हणाले. "वाघ यायचा आहे."

पहिली सीडी संपली. "वाघ दुसरीत आहे," सर म्हणाले आणि काकूंनाही त्यांनी पोह्यांवरून उठवून बोलावलं. दुसऱ्या सीडीच्या मध्यावर हिरो झाडाखाली आडवा झाला. सर खुर्चीच्या कडेवर आले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "आता," ते म्हणाले. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. हिरो झोपला. बराच वेळ झोपला. मग उठला, आळस दिला, नदीवर पाणी प्यायला आणि निघून गेला.

"पुढे असेल," सर म्हणाले. पुढे लग्न होतं. मग सिनेमा संपला.

"सीडीवाल्यांनी कापलाय," सर म्हणाले.

हो म्हणायला मला काय झालं होतं? पण दोष शोधायची सवय लागली की माणूस कामातून जातो. मी सीडी मागे नेली आणि तो झाडाखालचा भाग तीनदा लावून दाखवला. कुठेही तोड नव्हती. हिरो झोपल्यापासून उठेपर्यंत एक सलग दृश्य होतं आणि त्यात वाघाला शिरायला जागाच नव्हती. स्वतःची इतकी लाज मला आजवर वाटलेली नाही.

सर टीव्हीकडे बघत होते. "फार वेळ झोपला होता नं तो," ते हळूच म्हणाले. "काहीच होईना. अन् बाबा विचारून राहिले, आता काय चाललंय? त्यांच्यापुढे खांब. माणूस झोपलाय, असं किती वेळ सांगू त्यांना? म्हणून मी वाघ सोडला." ते थांबले. "मीच सोडला. मग बाबा इतक्यांदा सांगायचे, की मलाही दिसायला लागला."

त्यांनी वही ओढली, लाल पेन काढलं आणि शंभरच्या पुढे अठ्ठावीस लिहिले. ग्रेस नाही. नंतर पेनला टोपण लावता लावता ते मधेच थबकले.

"मंदार, अर्ध्या गिरणीने पाहिला होता तो सिनेमा."

मला कळलं नाही.

"दुसऱ्या दिवशी कामावर गेल्याबरोबर बाबांनी वाघाचं सांगितलं असेल. ते गप्प बसणारे नव्हते. कोणीतरी म्हटलंच असेल नं, कोणता वाघ?" सरांनी चष्मा काढला. "बाबांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. अन् नंतरची सतरा वर्षं, घरी पाहुणा आला की मला जवळ बसवायचे अन् सांगायचे, माझ्या पोरासंगं पाह्यला, त्यात वाघ काय उडी मारते."

"मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितला होता," काकू म्हणाल्या. "माझ्या बापालाही सांगितला."

सरांनी मान हलवली. चष्मा तसाच हातात होता. मला राहवलं नाही.

"सर, वाघ येतो कुठून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले, मधलं टीपॉय पायाने बाजूला सरकवलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. "इकडून. डावीकडून. गवत आधी हलते थोडंसं..."

काकूंनी टीव्ही बंद केला आणि त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.